तिजोरीवरचा आळ

१. अक्का थकली म्हणे

आमच्या अक्काचा कारखाना बंद होतोय ही बातमी सगळ्यांना कळली होती, फक्त अक्काला कळायची राहिली होती.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी एका राजाच्या कुरळ्या टोपाला वाफ देत बसली होती. तेवढ्यात नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "अक्का, पुढच्या आठवड्यात आमचा पहिला प्रयोग, आणि तुम्ही दुकान गुंडाळताय?" तो फोन ठेवते न ठेवते तोच शाळेच्या बाईंचा, मग एका हौशी मंडळाचा. प्रत्येकाला अक्काच्याच पत्त्यावरून ई-मेल गेला होता. मी आता थकले, कारखाना बंद करतेय, सगळे टोप अर्ध्या किमतीत काढायचेत, खालच्या ठिकाणी आगाऊ पैसे भरा आणि आपला टोप राखून ठेवा.

"थकले? मी?" अक्का फोनवर माझ्यावरच ओरडली, जसा काही तो ई-मेल मीच लिहिला होता. "तुझ्या बायकोला घेऊन ये आधी. तू नाही आलास तरी चालेल."

अक्का माझी थोरली बहीण. नाटकांसाठी केसांचे टोप करते. राजे, म्हाताऱ्या, चेटकिणी, सगळ्यांची डोकी तिच्या हाताखालून जातात. तिच्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नाही, आणि तिनं फुकट करून दिलेला टोप घालायलाही तो तयार नाही. हा तिच्या धंद्याला लागलेला बट्टा आहे असं ती चारचौघांत सांगते.

आणि माझी बायको म्हणजे मामी. खरं तर ती फक्त अक्काच्या मुलाची मामी, पण त्याच्या देखादेखी सगळेच तिला मामी म्हणायला लागले, हल्ली चुकून मीसुद्धा. तिनं बसच्या मोठ्या आगारात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर सगळी नोकरी काढली. लोक छत्र्या विसरायचे, कवळ्या विसरायचे, एकानं पिंजऱ्यासकट पोपट विसरला होता. तो पोपट आपलाच म्हणून तिघं भांडत आले, तेव्हा मामीनं तिघांनाही बाजूला ठेवून पोपटालाच बोलतं केलं होतं. निवृत्तीनंतर घरात चमचा हरवला तरी ती जबाब घेते.

आम्ही पोचलो तेव्हा अक्काच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण आवाज शाबूत होता. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, आधी पासवर्ड बदला. कुणालाही सांगू नका."

"मग माझ्या लक्षात कोण ठेवणार?" अक्का म्हणाली. "तिजोरीला तेवढा सांगते."

आम्हाला सगळ्यांना अंगणात घालवून अक्कानं हात धुतले, कॉम्प्युटरपुढे बसून नवा पासवर्ड टाकला आणि तिजोरीच्या कानात सांगितला. लक्षात ठेवू का, असं कॉम्प्युटरनं विचारल्यावर अक्कानं त्यालाही हो म्हटलं. मग तिनं सगळ्यांना चहा दिला. आता कोण येतंय बघतेच, म्हणाली.

मंगळवारी सकाळी त्याच पत्त्यावरून दुसरा ई-मेल गेला. अर्धी किंमत आजचाच दिवस! आणि अक्कानं टोपांचे फोटो ठेवलेल्या पानावर राजांच्या जागी एक सोनेरी नाणं फिरत होतं, खाली लिहिलं होतं, गुंतवा आणि श्रीमंत व्हा.

नवा पासवर्ड जगात दोनच माणसांना ठाऊक होता.

२. जिच्या डोक्यात सगळी डोकी

तिजोरीबद्दल सांगायला हवं. ती अक्काकडे जाळीवर केस विणते. बारीक आकडीनं एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायची, कपाळापाशी तर अशी, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालासुद्धा तो केस तिथंच उगवलाय असं वाटावं. ते काम तिच्यासारखं कुणालाच जमत नाही. शिवाय तिची स्मरणशक्ती. एकदा डोक्याला फीत लावली की त्या नटाचं माप तिच्या डोक्यात कायमचं. त्यामुळे कारखान्यातल्या सगळ्या खात्यांचे सगळे पासवर्डही तिच्याच डोक्यात. कुणालाही हवा असला की, "तिजोरी, फोटोच्या पानाचा काय गं?" आणि ती मान वर न करता सांगणार. नाव तिथूनच पडलं.

मंगळवारी आम्ही परत गेलो तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. खुंटीला तिचा एप्रन, त्याच्या खिशात आकडी. समोर लाकडी मुंडक्यावर राणीचा टोप, मागून पुरा विणलेला आणि कपाळापाशी नुसती जाळी.

"मी तिला काही बोलले नाही," अक्का म्हणाली. मग जरा थांबून, "फक्त विचारलं, तूच का?"

"आणि ती?"

"एप्रन टांगला आणि गेली. आता सांग वहिनी, निर्दोष माणूस असा उठून जातो का? इतकी वर्षं पोटच्या पोरीसारखी वागवली आणि तिनं केसानं गळा कापला माझा!"

इतक्या केसांच्या मध्ये बसून ती हे म्हणाली, पण कुणालाच हसू आलं नाही. अक्काचे डोळे भरले होते. टोप गेला तर ती दुसरा करील, गिऱ्हाईक गेलं तर दुसरं आणील. तिजोरी गेली तर तिचा उजवा हातच गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे तिनंच तो झिडकारला.

"प्रयोग कधी?" मामीनं विचारलं.

"सोमवारी. राणीला कपाळ नाही अजून."

मामी तिजोरीच्या घरी गेली, मला बाहेर पायरीवर बसवून. खिडकी उघडी होती, त्यामुळे मी ऐकलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"तू गेलीस का निघून?" मामी.

"मग काय करू? खरंच दोघींनाच माहीत होता हो. मी सकाळपासून आठवतेय, झोपेत बरळले का, कुणाला बोलले का. अक्कांच्या जागी मी असते तर मीसुद्धा मलाच धरलं असतं."

"बाकीचे पासवर्ड तुला अजून आठवतात?"

"सगळे," तिजोरी म्हणाली, आणि रडायला लागली. "विसरताच येत नाहीत."

त्यानंतर मामीनं तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. ते मात्र मला ऐकू आलं नाही.

३. समोरचे आणि चिरंजीव

अक्काचा सगळा संशय तिजोरीवर नव्हता. थोडा तिनं समोरच्यांसाठी राखून ठेवला होता. समोरचे म्हणजे रस्त्याच्या पलीकडे टोपांचंच दुकान असलेले गृहस्थ. नीटनेटके, भांग पाडलेले, बोलण्यात साखर. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी दारात तेच उभे होते, आणि चेहरा असा, की घरचं कुणी गेलंय.

"आमची गिऱ्हाइकं पळवायची म्हणून त्यानंच केलं," अक्का म्हणाली. "नाहीतर याला त्या ई-मेलचं कळलंच कसं? तो गेला फक्त माझ्या गिऱ्हाइकांना! हा काय माझं गिऱ्हाईक आहे?"

मुद्दा बिनतोड होता. मामी मला घेऊन रस्ता ओलांडून गेली. समोरच्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. मामी त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली आणि मारता मारता त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही भलतीकडेच लागली.

"काम सुरेख आहे," ती अचानक म्हणाली. "एकेक केस सुटा. तिजोरीच्या हातचं ना?"

समोरच्यांचा चेहरा पार उतरला. मग ते उठले, दार लावून घेतलं, आणि हळूच म्हणाले, "मामी, पाया पडतो, कुणाला सांगू नका. स्वतःच्या दुकानाचा टोप मी घालून बघितलाय. खाजतो."

गेली कित्येक वर्षं हा माणूस चोरून अक्काकडून टोप घेत होता, दुसऱ्याच्या नावानं, तिजोरीच्या मार्फत. म्हणून तो गिऱ्हाइकांत होता. म्हणून त्याला ई-मेल गेला. आणि कारखाना बंद होतोय हे वाचून तो सकाळीच अक्काच्या दारात धावला होता, आपल्या डोक्याचं पुढे काय होणार म्हणून.

"यानं कारखाना बुडवला असता तर स्वतःच उघडा पडला असता," रस्ता ओलांडताना मामी म्हणाली. मी माझ्या टकलावरून हात फिरवला. लपवण्यासारखं काही नसणं किती सुखाचं असतं, हे मला त्या दिवशी पटलं.

राहिला चिरंजीव. अक्काचा मुलगा, माझा भाचा. तिशी ओलांडली तरी सगळे त्याला चिरंजीवच म्हणतात. माप घेणं, गिऱ्हाइकाला पटवणं आणि दिवसभर कॉम्प्युटरवर गाणी लावून सगळ्यांची डोकी उठवणं ही त्याची कामं. आम्ही आत गेलो तेव्हा तो कोपऱ्यात बसून पेन्सिलीनं एका नटीचा चेहरा काढत होता, आणि वर तीनतीनदा खोडून केस.

"हे कसलं चित्रकलेचं वेड?" मी विचारलं. "परवा तर म्हणत होतास, आता सगळं कॉम्प्युटरवर. नटाचा फोटो टाकला की टोप आपोआप डोक्यावर."

"ते नाही जमलं मामा. तो प्रोग्राम उघडलाच नाही. वेळ फुकट गेला नुसता." त्यानं मान खाली घातली. "कंपनीला चित्रं देतो म्हणून बसलोय, तर हातानं काढतोय."

मामी भिंतीला टेकून उभी होती. जरा वेळानं तिनं मला अगदी हळू विचारलं, "अहो, इथं काय कमी आहे?"

"तिजोरी," मी म्हणालो.

"आणखी?"

मी बघितलं. मुंडकी होती, कैच्या होत्या, वाफेचं भांडं होतं, डिंकाचा वास होता. फक्त इतकं जाणवलं, की या कारखान्यात मी पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत होतो.

४. जे गेलं नाही ते

मामीची एक जुनी खोड आहे. खिडकीवर माणूस रडत यायचा, बॅग गेली, बॅग गेली. ती त्याला विचारायची, हातात काय राहिलं? छत्री राहिली असेल तर पाऊस कुठं थांबला ते आठवा, तिथंच बॅग ठेवली असेल. हा तिचा हिशेब बहुतेक वेळा बरोबर यायचा.

"वन्सं, चोरानं काय नेलं ते कळलं," ती म्हणाली. "ई-मेल आणि फोटोचं पान. आता काय नेलं नाही ते सांगा."

अक्कानं जरा विचार केला. "केसवाल्याचं, म्हणजे मी जिथून केस मागवते तिथलं खातं शाबूत आहे. खरं तर तिथंच माझी आगाऊ रक्कम पडलीय. त्याला हात लावलेला नाही."

"त्याचा पासवर्ड तिजोरीला माहीत आहे?"

"तिला काय माहीत नाही?"

"आणि ते खातं तुम्ही उघडता कुठं?"

"फोनवर. अंगणात." अक्का आमच्याकडे अशी बघायला लागली, की एवढं कसं कळत नाही. "केसाचा रंग दिव्याखाली कळतो का कधी? घरात काळा दिसलेला केस उन्हात तांबूस निघतो. हातात नमुना घ्यायचा, उन्हात उभं राहायचं, फोनवरचा रंग त्याच्याशी लावायचा. कॉम्प्युटर काय अंगणात नेऊ?"

"म्हणजे त्या कॉम्प्युटरवर ते खातं कधीच उघडलेलं नाही."

"कधीच नाही."

"आणि बाकीची?"

"ती कॉम्प्युटरवरच. आमच्या हाताला सदा डिंक. एकदा कुणीतरी हात धुऊन पासवर्ड टाकला की लक्षात ठेव म्हणून सांगून मोकळं व्हायचं. तो फोनवर कोड येणारा प्रकारही म्हणूनच नाही घेतला. कोड आला की उठा, हात धुवा. काम कधी करायचं?"

मामी हसली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"वन्सं, तुमचा कॉम्प्युटर जरा वेळ मला एकटीला द्या," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी बंद करू नका. दाराची किल्ली मी घरी नेते. उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळे इथं या. समोरच्यांनाही बोलवा. तिजोरीला मात्र नको, तिला घरीच राहू दे."

घरी जाताना मी तिला खोदून खोदून विचारलं. ती एवढंच म्हणाली, "दोन ठिकाणी दाणे टाकलेत. पाखरू कुठं बसतं बघू."

५. पाखरू

बुधवारी दुपारी सगळे कारखान्यात जमलो. अक्का, चिरंजीव, मी, आणि दाराजवळ समोरचे, भांगावर सारखा हात जाणारे. मामी मध्यभागी स्टुलावर बसली, फोन मांडीवर. बराच वेळ काही झालं नाही. अक्का सुस्कारे टाकत होती. मी राणीच्या उघड्या जाळीकडे बघत होतो आणि आम्हा दोघांची अवस्था सारखीच आहे असं मनाशी म्हणत होतो.

तेवढ्यात फोन टुणकन वाजला.

मामीनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "तुमच्या खात्यात नवीन ठिकाणाहून कुणीतरी प्रवेश केला आहे. ते तुम्हीच होतात का?" तिनं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "मी तर इथं बसलेय. तुम्ही सगळे माझ्यासमोर हात बांधून बसलाय. आणि हे ठिकाण, हे बघा, समुद्रापलीकडचं."

"कुठल्या खात्यात?" अक्कानं विचारलं.

"काल मी दोन नवे पत्ते काढले. पहिला माझ्या फोनवर. त्याचा पासवर्ड मी फक्त तिजोरीला सांगितला, तुमच्या कॉम्प्युटरला त्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. दुसरा काढला या कॉम्प्युटरवर, एकटीनं. त्यानं विचारलं लक्षात ठेवू का, मी म्हटलं ठेव बाबा. त्याचा पत्ता तिजोरीच्या स्वप्नातही नाही." तिनं फोन अक्कासमोर धरला. "तिजोरीला सांगितलेला पत्ता कालपासून शांत आहे. कॉम्प्युटरला सांगितलेल्यात चोर शिरला."

घड्याळ टिकटिकत होतं.

"म्हणजे तिजोरीनं..." अक्का रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"तिनं कुणाला एक अक्षरही सांगितलं नाही. चुगली करतोय तो त्या टेबलावर बसलाय. सोमवारी तुम्ही नवा पासवर्ड त्यालाच सांगितलात, आणि तो सल्ला माझा होता. तेव्हा निम्मा दोष माझा."

सगळ्यांनी वळून कॉम्प्युटरकडे बघितलं. त्यानं आपला दिवा लुकलुकवला.

६. यानं काय खाल्लंय?

मामीनं आधीच डॉक्टरला बोलावून ठेवलं होतं. ही डॉक्टर माणसांची नव्हे. कोपऱ्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी तरणी मुलगी, पण कुठलंही यंत्र पुढे आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "यानं काय खाल्लंय?" म्हणून डॉक्टर.

तिनं आल्या आल्या इंटरनेटची वायर उपटली. मग बसली, इकडेतिकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. "पहारेकरी कुणी झोपवलाय याचा? अँटिव्हायरस बंद आहे. आपोआप होत नाही हो हे. कुणीतरी हातानं बंद केलंय. काय खायला घातलंत याला?"

अक्कानं कानांवर हात ठेवले. समोरच्यांनी मान हलवली. मी तर फक्त बघायला आलो होतो.

"चिरंजीवा," मामी अगदी मायेनं म्हणाली, "तुझी गाणी कुठं गेली रे?"

चिरंजीव पेन्सिल घेऊन बसला होता, ती खाली पडली.

"या कारखान्यात दिवसभर गाणी असतात. सोमवारपासून एक नाही. तुझा चेहरा बघून वाटत नाही की तुला गाण्यांचा कंटाळा आलाय. तुझं गाण्यांचं खातंही गेलं ना? तेही याच कॉम्प्युटरवर होतं. त्याचा पासवर्ड तिजोरीला ठाऊक नव्हता, म्हणजे तिचं नाव घेता येईना. आणि सांगितलं असतंस, तर कधीपासून, कशानं, हे सगळं बाहेर आलं असतं."

"मामी, मला आधी खरंच कळलं नव्हतं," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "तो टोप डोक्यावर बसवून दाखवणारा प्रोग्राम महाग आहे. एका ठिकाणी फुकट मिळत होता, क्रॅक केलेला. तिथंच लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगाच आरडाओरडा करतो. मी केला. प्रोग्राम उघडलाच नाही. म्हटलं, वाया गेलं. विसरून गेलो."

"उघडलाच की," डॉक्टर म्हणाली. "फक्त तुम्हाला दिसला नाही. त्याला टोप बसवायचेच नव्हते. पासवर्ड आठवणीत ठेवलेत ते सगळे गोळा करायचे आणि बाहेर पाठवायचे, एवढंच त्याचं काम. नवीन काही टाकलं की तेही. चोर ज्या खोलीत बसलाय त्याच खोलीत बसून नवी किल्ली घडवलीत, तर तो ठसा घेणारच." तिनं खुर्ची वळवली. "आणि नुसते पासवर्ड नव्हेत. एकदा आत गेलात की परत परत विचारू नये म्हणून कॉम्प्युटर एक ओळखपत्र जपून ठेवतो. तेही नेतात. मग चोर पासवर्ड न टाकताच घरच्यासारखा आत येतो."

"मला सोमवारी दुपारी कळलं," चिरंजीव म्हणाला. "माझं खातं गेलं तेव्हा. सांगणार होतो. पण धीर करेपर्यंत मंगळवारी आई तिजोरीला विचारून बसली होती, आणि मला वाटलं... मला लाज वाटली."

अक्का उठली. मला वाटलं, आता याच्या कानाखाली आवाज निघणार. पण ती त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि खुंटीवरचा एप्रन काढून छातीशी धरून उभी राहिली.

"मी तिला विचारलं, तूच का," ती म्हणाली. "माझ्या तोंडून गेलंच कसं?"

७. टोप आणि किल्ली

अक्का तिजोरीच्या घरी एकटी गेली. काय बोलणं झालं ते मामीलाही कळलेलं नाही, आणि मामीला न कळलेली गोष्ट म्हणजे ती खरोखर दोघींतच राहिली. एवढं खरं, की जाताना अक्काच्या हातात एप्रन होता आणि परत येताना तो तिजोरीच्या अंगावर होता. चिरंजीव दारातच हात जोडून उभा होता. तिजोरी त्याला म्हणाली, "माफ केलं. आता गाणी लाव. या शांततेत गाठ बसत नाही."

"खातं गेलंय गं."

"मग तोंडानं म्हण."

तो म्हणायला लागला. ती शिक्षा आम्हालाही भोगावी लागली.

डॉक्टरनं पुढचे दोन दिवस कारखान्यात काढले. कॉम्प्युटर पार धुऊनपुसून पुन्हा पहिल्यापासून मांडला. "वरवर साफ करून चालत नाही, कुठल्या कोपऱ्यात काय राहिलं सांगता येत नाही," म्हणाली. पासवर्ड तिनं स्वतःच्या चांगल्या फोनवरून बदलायला लावले, आणि बदलल्यावर प्रत्येक खात्यातून सगळीकडून बाहेर पडायला लावलं, म्हणजे चोराचं ओळखपत्रही रद्द. फोटोचं पान परत मिळवताना तिला पुष्कळ पत्रव्यवहार करावा लागला, पण शेवटी नाणं गेलं आणि राजे परत आले.

"माझा तर एकच पासवर्ड आहे, सगळीकडे तोच," समोरचे मध्येच अभिमानानं म्हणाले. ते आता रोजच येत होते. "विसरायची भानगड नाही."

डॉक्टरनं त्यांच्याकडे रुग्णाकडे बघतात तसं बघितलं. "काका, तुम्ही कधी काळी जिथं जिथं खरेदी केलीत, त्यातलं एक दुकान लुटलं गेलं की तुमचं सगळं घर उघडं. चोर तोच शब्द दारोदार लावून बघतो." समोरचे तिथल्या तिथे फोन काढून बसले.

दुसऱ्या पायरीच्या, म्हणजे फोनवर येणाऱ्या कोडाची गोष्ट निघाली तेव्हा अक्का परत अडून बसली. हात डिंकाचे असतात! बोटाचा ठसा घेऊन पाहिला, तर डिंकानं तो रोज नव्या माणसाचा यायचा. चेहरा दाखवून पाहिला, तेव्हा अक्कानं चेटकिणीचा टोप घातला होता, आणि फोननं ओळख द्यायला साफ नकार दिला. शेवटी डॉक्टरनं पेनाच्या टोपणाएवढी एक किल्ली आणली. कॉम्प्युटरला लावायची आणि नुसतं बोट टेकवायचं. डिंकाचं बोटही चालतं. आता ती किल्ली राजाच्या मुंडक्याच्या गळ्यात दोरीनं लटकते, आणि परक्या मुलखातल्या चोराला पासवर्ड मिळाला तरी राजाच्या गळ्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

पैसे मात्र कुणीच भरले नव्हते. अक्कानं प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, अक्का थकली यावर विश्वासच बसला नाही.

शनिवारी राणीला कपाळ मिळालं. त्याच दिवशी डॉक्टरनं सगळ्या पासवर्डांसाठी एक कुलूपबंद पेटी कॉम्प्युटरवर बसवून दिली. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, कुणालाही न आठवणारा पासवर्ड ती पेटीच तयार करते आणि ठेवते. तिजोरीनं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं. आता माझ्या डोक्यात फक्त डोकी."

"पेटी उघडायचा एक शब्द मात्र लागेल," डॉक्टर म्हणाली. "तो कुठं साठवायचा नाही. अक्कांच्या लक्षात हवा, आणि अडीअडचणीला त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास असलेल्या एकाच माणसाच्या."

चिरंजीवानं जमिनीकडे बघितलं. मी जरा पुढे सरकलो, सख्खा भाऊ आहे शेवटी. अक्का माझ्या बाजूनं वळून गेली, तिजोरीच्या खुर्चीपाशी वाकली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, तोंडावर हात धरून, तिच्या कानात काहीतरी बोलली. तिजोरीनं मान वर केली नाही. पण तिच्या हातातली आकडी थांबली, आणि गाठ मारायला तिला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांत पाणी असलं की जाळी दिसत नाही.

तो शब्द मला अजून माहीत नाही. एकदा मामी जवळपास नाहीसं बघून मी तिजोरीला हळूच विचारला, आपली गंमत म्हणून. तिनं मान वर न करता लगेच उत्तर दिलं. माझ्या टकलाचं माप सांगितलं.